घरी बांधलेल्या किट कारचं मागचं कॉइलओव्हर : या चुका टाळा

मागून आदळते म्हणून कडक स्प्रिंग घातली. मग गाडी उड्या मारू लागली म्हणून शॉकअप घट्ट केला. मग वळणावर मागची बाजू सुटू लागली म्हणून रिंग फिरवून उंची बदलली. घरी गाडी बांधणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक याच क्रमाने वाढत जातात, आणि मुळाशी पाहिलं तर शॉकअपचा ट्रॅव्हल, म्हणजे तो एकूण किती दबू-उघडू शकतो ते, कोणी मोजलेलंच नसतं. स्प्रिंग, शॉकअपच्या नॉबचे क्लिक, उंचीची रिंग हे सगळं त्याच्यानंतर येतं.

इथे डोळ्यांसमोर गाडी आहे ती १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीची: चौकोनी पाइपची चेसिस, दोन सीट, मागे ओम्नीसारख्या गाडीचा सलग अ‍ॅक्सल. पाटे (लीफ स्प्रिंग) काढून पुढे-मागे धरणाऱ्या दांड्या म्हणजे चार लिंक, आडवं धरणारा एक पॅनहार्ड रॉड आणि दोन कॉइलओव्हर, म्हणजे भोवती स्प्रिंग असलेले आणि रिंगने उंची बदलता येणारे शॉकअप, बसवलेले. पाटे काढताना एक गोष्ट विसरू नका. पाटा फक्त वजन पेलत नाही, अ‍ॅक्सलला पुढे-मागे आणि आडवं जागेवर धरूनही ठेवतो. ते काम आता लिंक आणि पॅनहार्डचं आहे. कॉइलओव्हरने अ‍ॅक्सल धरायचा नसतो.

स्प्रिंग काढून ट्रॅव्हल मोजा

ब्रॅकेटला फक्त टॅक (तात्पुरता वेल्ड) मारलेला असतानाच हे करावं. कॉइलओव्हरची स्प्रिंग काढा, नुसता शॉकअप बोल्टने अडकवा. चेसिस घोड्यांवर (स्टँडवर) पक्की ठेवा आणि अ‍ॅक्सल जॅकने खालून वरपर्यंत हलवा, आधी दोन्ही चाकं एकत्र, मग एकच. चाक किती हललं आणि शॉकअप किती दबला, दोन्ही लिहून ठेवा. शॉकअपची हालचाल भागिले चाकाची हालचाल म्हणजे मोशन रेशो. शॉकअप तिरका बसवला असेल तर त्या तिरकेपणाचा परिणाम या मोजणीत आधीच धरला जातो. पुन्हा कोनाचा गुणक लावणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांची स्प्रिंग गरजेपेक्षा कडक निघते.

समजा रेशो ०.८ आला आणि शॉकअपचा स्ट्रोक १०० मिमी आहे. म्हणजे चाकाला एकूण १२५ मिमी मिळाले. चालक बसलेला असताना शॉकअप साधारण ६० मिमी दबायला आणि ४० मिमी उघडायला मोकळा हवा. म्हणजे चाकाला वर जायला ७५ मिमी उरतात. आता आपल्या रस्त्यांचा विचार करा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ प्रमाणे गोल स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावर चाक हळूहळू चढतं. इंदूरमध्ये सुदामानगरपासून रामबागेपर्यंत कॉलनीच्या गल्ल्यांत लोकांनी स्वतः घातलेले ब्रेकर अरुंद आणि टोकदार असतात, तिथे सगळा धक्का एकदम येतो. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रावर ११.३ किलोमीटरचा गुळगुळीत हाय-स्पीड ट्रॅक आहे. तशा डांबरासाठी ठरवलेला ३० मिमीचा बंप ट्रॅव्हल (चाक वर जायची जागा) गल्लीत चालणार नाही.

जॅकने वर नेताना आणखी काय पाहायचं? अ‍ॅक्सलचं डोकं चेसिसला लागतं का, प्रोपेलर शाफ्ट बोगद्याला घासतो का, टायर मडगार्डला शिवतो का. खाली सोडताना ब्रेकचा होज ताणला जातो का. कुठलाही धातू धातूला भिडण्याआधी रबराचा बंप स्टॉप लागला पाहिजे. आदळणाऱ्या गाड्यांमध्ये हा स्टॉप एक तर नसतोच, किंवा इतका लांब असतो की गाडी उभी असतानाच त्यावर टेकलेली असते. तशा गाडीला कितीही मऊ स्प्रिंग घाला, ती दगडासारखीच चालणार.

स्प्रिंग अंदाजाने घेऊ नका

मागच्या एका चाकावर चालकासह १७० किलो येतात असं धरू. त्यातले अ‍ॅक्सलचा अर्धा भाग, चाक आणि ब्रेक मिळून ३५ किलो स्प्रिंगच्या खाली आहेत. उरले १३५. रस्त्यावर चालवायच्या हलक्या स्पोर्ट्स गाडीला मागे १.७ हर्ट्झच्या आसपासची वारंवारता, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा झुलणं, सोसते. त्यासाठी चाकापाशी १५.४ न्यूटन प्रति मिमी इतका रेट (कडकपणा) लागतो. मोशन रेशोच्या वर्गाने, म्हणजे ०.६४ ने भागलं की स्प्रिंगचा रेट २४ न्यूटन प्रति मिमी. एक पाउंड प्रति इंच म्हणजे ०.१७५ न्यूटन प्रति मिमी, तेव्हा बाजारात मागायची ती १४० पाउंडची स्प्रिंग.

ही स्प्रिंग गाडीच्या वजनाने ६८ मिमी दबते. चाक पूर्ण लटकलं तरी २८ मिमी दाब शिल्लक राहतो, त्यामुळे ती बैठकीतून सुटत नाही. पूर्ण बंपला ती एकूण १२८ मिमी दबेल, म्हणून १० इंची स्प्रिंगची, वेढे एकमेकांना टेकल्यावरची उंची ११५ मिमीच्या आत हवी. तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या केली की ही उंची कळते. दुकानातच मोजून घ्या.

आता त्याच गाडीला कोणाच्या सल्ल्याने २५० पाउंडची घातली तर? वारंवारता २.३ हर्ट्झच्या जवळ जाते आणि स्प्रिंग जेमतेम ३८ मिमी दबते. ४० मिमी लटकल्यावर ती सैल होते आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मागून ‘ठक’ आवाज येतो. लोक बुश बदलतात, रॉड-एंड बदलतात, आवाज तसाच राहतो. मोटारसायकलचे शॉकअप लावलेल्या गाड्यांत हा घोटाळा हमखास दिसतो. त्यांची स्प्रिंग बाइकच्या वजनासाठी आणि तिच्या स्विंगआर्मच्या रेशोसाठी ठरवलेली असते. स्प्रिंग बदलली तरी आतलं डॅम्पिंग, म्हणजे झुलणं आवरायची ताकद, जुन्याच हिशोबाचं राहतं.

रिंग फिरवून स्प्रिंग कडक होत नाही

खालची रिंग वर आणली की गाडी उचलली जाते. सरळ रेटच्या स्प्रिंगचा रेट त्याने बदलत नाही, आणि तिच्यावरचं वजन तेवढंच असल्याने ती दबतेही तेवढीच. बदलतो तो ट्रॅव्हलचा वाटा: दबायची जागा वाढते, उघडायची कमी होते.

सलग अ‍ॅक्सलच्या गाडीत दुसरीही किंमत मोजावी लागते, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. ब्रेकर चुकवण्यासाठी मागची बाजू ३० मिमी उचलली की खालच्या लिंकचं चेसिसकडचं टोक अ‍ॅक्सलकडच्या टोकापेक्षा वर जातं. वळणात गाडी कलली की बाहेरचं चाक मागे सरकतं आणि आतलं पुढे. अख्खा अ‍ॅक्सल वळणाच्या बाहेरच्या दिशेला वळतो. सिमरोलच्या घाटासारख्या रस्त्यावर हे फार वाईट. मागची बाजू सुटते तेव्हा दोष टायरला किंवा स्प्रिंगला दिला जातो. लिंक जमिनीला समांतर किंवा पुढच्या टोकाला किंचित खाली असू द्या. उंची जास्तच हवी असेल तर ब्रॅकेट बदला.

पॅनहार्ड रॉडचंही तसंच आहे. एक मीटरचा रॉड गाडी उभी असताना आडवा समांतर असेल तर चाकं ५० मिमी वर गेल्यावर अ‍ॅक्सल बाजूला जेमतेम सव्वा मिमी सरकतो. तोच रॉड १० अंशांनी तिरका बसवला असेल तर सरकणं १० मिमीपर्यंत जातं. मग खड्ड्यात स्टिअरिंग न हलवता गाडी आडवी हलते.

बोल्ट आणि बुश

सियागंजात बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ ही ताकदीची खूण कोरलेली पाहा. कोऱ्या डोक्याचा बोल्ट या कामाला घेऊ नका. बोल्टला दोन्ही बाजूंनी ब्रॅकेटचा आधार हवा. एका बाजूने बाहेर लोंबणाऱ्या बोल्टवर कॉइलओव्हर अडकवलं की तो वाकतोच, आणि वेल्डजवळ तडा जातो. ब्रॅकेटच्या भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग यावा, आटे नव्हेत.

ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) शॉकअप उलटा बसवू नका. तेल आणि हवा मिसळून तो पोकळ चालतो. मोनोट्यूबला (एका नळीच्या) ही अडचण नाही.

लिंकमध्ये रबराचे बुश असतील तर त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर, चालकाच्या वजनासकट उभी असतानाच कसा. अ‍ॅक्सल लटकलेला असताना कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची खोटी दिसते आणि बुश लवकर फाटतात.

कोपऱ्यांची वजनं

धर्मकाट्यावर (ट्रक तोलायच्या काट्यावर) गाडी नेऊन पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा अंदाज येतो, पण तिथला आकडा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने पुढे जातो. एकेका चाकासाठी घरगुती वजनकाटे वापरा. १५० किलोचा काटा पुरत नसेल तर जाड फळीचं एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या पाइपवर, आणि चाक बरोबर मधोमध. काटा अर्धं वजन दाखवेल. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करा.

आपल्याकडच्या पोर्चच्या कोटा फरशीला पाणी जाण्यासाठी एका कोपऱ्याकडे उतार असतो. एक चाक १० मिमी खाली असेल तर वरच्या स्प्रिंगच्या हिशोबाने चारही आकडे चार-चार किलोंनी चुकतात. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आणा, चारही जागा एका पातळीत करा, कमी पडेल तिथे पत्रे घाला. टायरची हवा सारखी, अर्धी टाकी पेट्रोल, सीटवर चालकाच्या वजनाची वाळूची पोती, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) असेल तर एका बाजूने सुटा. प्रत्येक बदलानंतर गाडी पुढे-मागे ढकलून मगच आकडा घ्या.

चौरंगाच्या एका पायाखाली घडी घातली की समोरचा तिरका पायही जड होतो, तसं मागच्या डाव्या रिंगने पुढच्या उजव्या चाकाचं वजन वाढतं. म्हणून एकाच कोपऱ्याशी झगडू नका. एक रिंग थोडी वर, दुसऱ्या बाजूची तेवढीच खाली, म्हणजे उंची राहते आणि तिरक्या जोड्यांची बेरीज जुळत येते.

डॅम्पिंग सगळ्यात शेवटी

नॉब सगळ्यात मऊ टोकाला नेऊन सुरुवात करा आणि दोन-दोन क्लिक वाढवा. ब्रेकर उतरल्यावर मागची बाजू दोन-तीन वेळा झुलली तर रिबाउंड (शॉकअप उघडतानाचं डॅम्पिंग) कमी आहे. ओळीने पट्ट्या मारलेल्या रस्त्यावर गाडी प्रत्येक पट्टीगणिक खाली बसत गेली आणि शेवटी आदळली तर रिबाउंड जास्त आहे. चाकाला परत उघडायला वेळच मिळत नाही. इथेच कडक स्प्रिंगचा मोह होतो. आधी दोन क्लिक सैल करून पाहा.

शॉकअपच्या दांड्यावर बारीक झिप-टाय बांधून चाचणीला निघा, आरटीओची नोंदणी होईपर्यंत अर्थातच खाजगी जागेत. परतल्यावर टाय कुठे सरकला ते मोजा. रोज बंप स्टॉपपर्यंत जात असेल तर ट्रॅव्हल कमी पडतोय, अर्ध्यावरच थांबत असेल तर स्प्रिंग कडक आहे. लॉक रिंगवर आणि बोल्टवर रंगाची रेघ ओढून ठेवा, पहिल्या चाचणीनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा. नवी स्प्रिंग काही मिमी बसते, तेव्हा उंची आणि कोपऱ्यांची वजनं आणखी एकदा घ्या.