शेतात गव्हाणी घुबडासाठी पेटी कशी बसवावी

पेटीचे लाकूड आणण्यापूर्वी घुबड जवळपास आधीच राहते का, हे पाहावे. जुन्या वाड्याचा माळा, वापरात नसलेली विहीर, देवळाच्या शिखरातील कोनाडा ही त्याची आवडती ठिकाणे. नावात तर गव्हाणच आहे. हे घुबड घुत्कारत नाही, ते फिसकारते किंवा कर्कश ओरडते. उंदीर बहुधा अख्खा गिळून हाडे व केस यांची गोळी ते ओकून टाकते. अशा काळपट गोळ्या एखाद्या जागेखाली सापडल्या, तर तिथली फट लिंपू नये, एवढे पुरे. पेटीची गरज नाही.

दुसरी पायरी विषाची आहे आणि ती टाळून पेटी बसवणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढणे होय. ब्रोमॅडिओलोनसारखी रक्त गोठू न देणारी औषधे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, म्हणून नेमका तोच घुबडाच्या तावडीत सापडतो आणि त्याच्या शरीरातील विष घुबडाच्या पोटात जाते. त्याऐवजी कापणीनंतर बांधावरील ताजे उकीर, म्हणजे उंदरांनी उकरून काढलेली माती, पाहून बिळे खणावीत, गवत काढावे आणि गोठ्यात, कणगीजवळ पिंजरे लावावेत. घुबडाच्या भरवशावर हे काम सोडू नये: ते उंदरांची संख्या आटोक्यात ठेवायला हातभार लावते, शेत उंदीरमुक्त करत नाही.

पेटी 12 मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायवुडची, साधारण 60 सेंटिमीटर लांब, 45 रुंद व 60 उंच असावी. सुमारे 13 सेंटिमीटरचे चौकोनी दार वरच्या भागात, तळापासून 45 सेंटिमीटरवर ठेवावे, कारण दार खाली असले की पिल्ले भूक लागताच पुढे सरकून बाहेर पडतात. अंडी एकाआड एक दिवसांनी घातली जातात, त्यामुळे एकाच घरट्यात लहानमोठी पिल्ले असतात आणि धक्काबुक्की होतेच. तळाला पाणी निघण्यासाठी बारीक छिद्रे पाडावीत. आतून रंग देऊ नये आणि गवतही अंथरू नये.

पेटी चार-पाच मीटर उंचीवर, सावलीतील भिंतीला किंवा मजबूत खांबाला बसवावी. महाराष्ट्रात पावसाचा मारा बहुधा नैर्ऋत्येकडून येत असल्याने दाराचे तोंड पूर्वेस किंवा ईशान्येस ठेवावे. वीजतारांपासून दूर राहावे. शिकार करताना घुबडाला टेकण्यासाठी पिकाच्या वर येतील असे इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे रोवावेत. दिवसा तेच कोतवाल पक्ष्याच्या उपयोगी पडतात.

पुढचे काम थांबण्याचे. पेटी वर्ष-दोन वर्षे रिकामी राहू शकते. घुबड आल्यावर आत डोकावू नये, विजेरी मारू नये आणि घरट्याचा गवगवा करू नये. अंधश्रद्धेपोटी दिवाळीच्या सुमारास घुबडांची शिकार होते, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती गुन्हा आहे. पिल्लू खाली पडले आणि जखमी नसेल तर हातमोजे घालून ते पुन्हा पेटीत ठेवावे; जखमी असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. पेटी रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच, वर्षातून एकदा, तोंडाला रुमाल बांधून साचलेल्या गोळ्या काढाव्यात.