जंगली गव्हाच्या ग्लुटेन जीन्सवर काम करताय? या चुका टाळा

पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढताना) बँड, म्हणजे जेलवरची पट्टी, छोटा आला की लगेच "नवीन अलील सापडलं" (म्हणजे जीनचं नवीन रूप) म्हणून नाचू नका. दरवर्षी कुणीतरी हेच करतं. मोठ्या ग्लुटेनिनच्या (ग्लुटेनमधलं एक प्रोटीन) जीन्समध्ये मधला सगळा भाग म्हणजे तेच तेच तुकडे परत परत, आणि अशा ठिकाणी पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) घसरतं, ते नाही घसरलं तर क्लोनिंग करताना ई. कोलाय हा जीवाणू जीनचा मधला तुकडा गाळून मोकळा होतो. आमच्याकडे एका मुलाने एजिलॉप्स टॉशायचा, म्हणजे आपल्या पोळीच्या गव्हाला (त्यात ए, बी, डी असे तीन जीनोम, म्हणजे क्रोमोसोमचे संच) डी जीनोम देणाऱ्या गवताचा वाय जीन (मोठ्या ग्लुटेनिनच्या एक्स आणि वाय या दोन जीन्सपैकी एक) क्लोन केला, एकाच कॉलनीचं सिक्वेन्सिंग केलं, जीन आखूड निघाला, झालं, पोस्टरसुद्धा छापून तयार! म्हटलं अरे, त्याच दाण्याचं प्रोटीन जेलवर चालव की आधी. चालवलं तर सबयुनिट (त्या जीनचं प्रोटीन) नेहमीच्याच उंचीवर, आणि आणखी कॉलन्या तपासल्या तर जवळपास प्रत्येकीची लांबी वेगळी.

मी दाणा आडवा कापते, गर्भाकडचा अर्धा रुजवायचा आणि त्याच्या पानातून डीएनए काढायचा, उरलेल्या अर्ध्यातून प्रोटीन. दोन्ही जुळल्याशिवाय मी नवीन हा शब्द लिहू देत नाही. वेळ लागतो, लागू दे. आणि डीटीटी हे रसायन घालायला विसरू नका, सल्फरचे बंध तुटले नाहीत तर ग्लुटेनिन जेलमध्ये शिरतच नाही.

उलटंही होतं. डीएनएचा बँड आला म्हणजे प्रोटीन बनतंच असं नाही. पोळीच्या गव्हात ए जीनोमवरचा वाय जीन बहुतेक वेळा मुकाच असतो, पण उरार्तूसारख्या जंगली नातेवाइकांत तोच चालू सापडतो.

बी जीनोम एजिलॉप्स स्पेल्टॉइड्स या गवताकडून आला असं सरळ ठोकून देऊ नका, ते फक्त जवळचं नातेवाईक आहे.

आता खपली. "खपली प्राचीन आहे म्हणून ग्लुटेन-फ्री" हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण सीलिअॅकचा (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) पेशंट त्यावर विश्वास ठेवून खातो. खपली म्हणजे एमर, ए आणि बी असे दोन जीनोम, २८ क्रोमोसोम. डी नाही, त्यामुळे डीएक्स५ सारखं कणकेला ताण देणारं सबयुनिट नाही आणि ६डी क्रोमोसोमवरचे अल्फा ग्लायडिनही (ग्लायडिन म्हणजे ग्लुटेनमधलं दुसरं प्रोटीन) नाहीत, हे खरंय. पण ए आणि बी वर ग्लायडिन, ग्लुटेनिन दोन्ही आहेत. १९०६ मध्ये आरोनसोन या कृषितज्ज्ञाला रोश पिनाजवळ (आजच्या इस्रायलमध्ये) सापडलेल्या जंगली एमरमध्येही ते आहेतच. शेती सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून ही प्रोटीन्स गवतांच्या दाण्यात आहेत, माणसाने ती घातलेली नाहीत. खपली चवीसाठी जरूर खा, सीलिअॅक असेल तर अजिबात नको.

शेवटचं, बियाण्याच्या पाकिटावरच्या नावावर विसंबू नका. टॉशाय आणि एजिलॉप्स सिलिंड्रिका हे दुसरं गवत, दोघांतही डी जीनोम आहे, डी चे प्रायमर (पीसीआरमध्ये डी ओळखणारे डीएनएचे छोटे तुकडे) दोन्हीकडे बँड देतात. मुळांची टोकं घ्या आणि क्रोमोसोम मोजा, टॉशायचे १४, सिलिंड्रिकाचे २८.