वॉरंट निघालं म्हणजे माणूस पकडला असं नसतं, या चुका टाळा

वकिलाकडे कारकुनी करतो, निम्म्या केसेस चेक बाउन्सच्या. दर आठवड्याला कोणीतरी येऊन विचारतं, वॉरंट निघून तीन महिने झाले, माणूस मोकळा कसा फिरतो?

पहिली चूक हीच, कोर्ट कोणालातरी पाठवेल म्हणून घरी बसणं. दिवाणीत कोर्टाच्या नाझरकडे (कोर्टातला फी घेणारा अधिकारी) फी भरली की बेलीफ (कोर्टाचे कागद बजावणारा माणूस) जातो, ते वेगळं. फौजदारीत वॉरंट साधारणपणे पोलिसांच्या नावे निघतं (बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 74) आणि आरोपीच्या हद्दीतल्या ठाण्यात जाऊन पडतं. तिथल्या हवालदाराला गणपतीचा बंदोबस्त आहे, मोर्चे आहेत, त्यात तुमचं जामीनपात्र वॉरंट कितव्या नंबरवर असेल तुम्हीच बघा. माझं मत विचाराल तर शहरात पैशांच्या केसमधलं जामीनपात्र वॉरंट कोर्टाच्या माणसाकडेच द्यावं, पोलिसांना फक्त अजामीनपात्रला पळवावं. पण आज तसं नाही ना.

दुसरी चूक, अर्धवट पत्ता. आमच्या एका फॅब्रिकेशनवाल्या काकांनी तक्रारीत लिहिलं "मारुती मंदिरामागे, पुणे", बस्स. अहो पुण्यात पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, कुठल्या मारुतीमागे शोधायचं? एका ठाण्याने दोन महिने ठेवून "हद्दीत नाही" म्हणून परत पाठवलं, दुसऱ्या ठाण्याचा माणूस गेला तर वॉचमन म्हणाला असं कोणी राहत नाही, की लगेच "मिळून आला नाही" रिपोर्ट. पाच महिने असेच गेले. शेवटी काकांच्या मुलाला पिटाळलं, विंग, फ्लॅट नंबर, माणूस घरी कधी असतो, सगळं काढायला लावलं, अर्ज देऊन वॉरंट हमदस्त (म्हणजे स्वतः ठाण्यात पोचवायला हातात) घेतलं आणि ठाण्यातल्या बारनिशीला (आवक-जावक टेबलाला) देऊन आवक नंबर कागदावर लिहून आणला. नंबर हातात नसेल तर तुमचं वॉरंट कुठे आहे हे देवालाही सांगता येत नाही.

हमदस्त मिळालं म्हणून स्वतः आरोपीच्या दारात जाऊन उभं राहू नका, अटक करायचा अधिकार पोलिसांचा. उतावळे लोक हेच करतात आणि वर शिवीगाळ केल्याची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) ओढवून घेतात.

आणि आरोपी असाल तर तारीख उलटली म्हणजे वॉरंट मेलं असं समजू नका, बजावेपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत ते चालू असतं.

काकांचा माणूस सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली उतरला आणि सापडला. जामीनपात्रच होतं, जामीन घेऊन बाँड लिहून दिला आणि चहाच्या वेळेला घरी. काका माझ्यावरच चिडले, मग एवढा खटाटोप कशाला केला म्हणे!