प्रागैतिहासिक प्राण्यांची दुर्मिळ खेळणी कोल्हापुरात कशी हुडकावीत

हा नाद शिकवणारे व्हिडिओ बघितले की डोकं सटकतं. पहाटे उठून भंगारवाले गाठा, गरम सुई टोचून प्लॅस्टिक ओळखा, रंग उडाला असेल तर जुनं समजा. पहिल्यानं झोपमोड होते, तिसऱ्यानं फसवणूक होते आणि मधल्यानं तर हातातला चांगला नग कायमचा नासतो. मी शिरोली एमआयडीसीत टूलरूममध्ये साचे करतो आणि सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टिकची प्रागैतिहासिक जनावरं हुडकत फिरतो. खालच्या पायऱ्यांत चौथी सोडली तर बाकीच्या कुणालाही जमतात, म्हणून जास्त जागा तिलाच दिली आहे.

पायरी १: एक-दोन घराणी धरा

सगळंच गोळा करायला निघालात तर घरात जागा उरत नाही. अमेरिकेतल्या मार्क्स कंपनीचे १९५५ पासूनचे एकरंगी डायनासोर, इंग्लंडात लेस्टरच्या इन्व्हिक्टाने १९७४ पासून लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयासाठी केलेली जनावरं, सफारी कंपनीची १९८८ ते २०१५ या काळातली कार्नेगी मालिका, जपानच्या कायोडोची चॉकलेटबरोबर मिळणारी इवलीशी जनावरं. यातलं काय आवडतं ते ठरवा आणि त्या घराण्याचे फोटो मोबाइलमध्ये भरून ठेवा.

सगळ्यात अवघड शिकार म्हणजे हाँगकाँगचा बिननावाचा माल. ‘प्रागैतिहासिक प्राणी’ असं छापलेल्या स्वस्त पिशव्यांतून तिथले कारखाने असे काही प्राणी विकायचे, की ते पृथ्वीवर कधी नव्हतेच. आखूड पाय, पाठीवर खवले, शेपटीच्या टोकाला आडवी पाती. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स यांनी असली पिशवी विकत घेतली आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली आलेल्या खेळातले काही राक्षस त्यावरूनच बेतले. लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर त्यातलाच. तेव्हापासून जगभरचे संग्राहक त्या मूळ खेळण्यांच्या मागे आहेत. कंपनीचं नाव नाही, यादी नाही, साचे कुणाकडे गेले त्याचा पत्ता नाही. अशा मालाला पैशापेक्षा नजर जास्त लागते.

पायरी २: ‘डायनासोर’ म्हणू नका, ‘जनावरं’ म्हणा

डायनासोर मागितलात की दुकानदार परवा आलेला हिरवा टी-रेक्स काढून देतो. आपल्याला हवा तो माल त्याच्या लेखी डायनासोर नसतोच. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन सरड्यांत पडलेला असतो (आणि तो खरंच डायनासोर नाही, पण त्या वादात काउंटरवर पडू नका). ग्लिप्टोडॉन कासवांत, मॅमथ हत्तींत, लांब सुळ्यांचा स्मायलोडॉन वाघांत. लोकरी गेंड्याला तर कुणी ओळखतच नाही. म्हणून ‘जुनी प्लॅस्टिकची जनावरं आहेत का’ एवढंच विचारा आणि सगळा ढीग ओतायला सांगा. ऑनलाइन शोधतानाही हेच. विकणाऱ्याला नाव माहीत असेल तर किंमतही माहीत असते.

पायरी ३: कुठं जायचं, कधी जायचं

जोतिबाची चैत्र यात्रा, महाद्वार रोडचे स्टॉल, गांधीनगरची होलसेल दुकानं इथं नवा माल मिळतो. गांधीनगरात एखादा जुना स्टॉक पडून असतो, तेवढ्यापुरतं जा. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवरची उरलीसुरली बंधनं एप्रिल २००१ मध्ये उठली आणि त्यानंतर चिनी खेळण्यांचा पूर आला. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, तेव्हा दुकानातला तो सुटा माल बराचसा आटला. २००१ च्या आधीचं जे काही कोल्हापुरात आहे ते बहुतेक कुणाच्या तरी मामानं, आत्यानं परदेशातून आणलेलं आहे. ते दुकानात सापडणार नाही, माळ्यावर सापडेल.

आणि माळ्यावर कुठं, तर किल्ल्याच्या डब्यात. आपल्याकडं दिवाळीत पोरं किल्ला करतात, मावळे मांडतात आणि खाली जंगल करून घरातलं मिळेल ते जनावर उभं करतात. पोरं मोठी होतात, डबा माळ्यावर जातो. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत असे डबे अजून आहेत. मंगळवारात एका काकींना विचारलं तर म्हणाल्या, “किल्ल्याचा डबा? हाय की. पर त्यात काय बघणार तू, सगळी मोडकी चित्रं हाईत.” बिस्किटाचा पत्र्याचा डबा, वर मातीचे मावळे, खाली मान तुटलेली गाय, आणि तळाला एक डायमेट्रोडॉन. शिडावर कुणीतरी ऑइलपेंटनं भगवा पट्टा ओढलेला. पोटावर फक्त ‘हाँगकाँग’. तो पट्टा मी काढलेला नाही आणि तुम्हीही असले पट्टे काढू नका.

वेळ साधायची ती घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात. सगळं गाव अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढतं, माळे रिकामे होतात, बायका ‘ने बाबा एकदाचं’ म्हणायच्या मनःस्थितीत असतात. दुसरी वेळ म्हणजे जुना वाडा पाडून अपार्टमेंट व्हायचं ठरतं तेव्हा. नदीकडच्या भागात मात्र फार आशा ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी कुंभार गल्लीसारख्या ठिकाणी तळमजल्यावरचं सगळं गेलं. तिथं वरच्या मजल्यावरच्या घरात विचारा.

भावाचं म्हणाल तर घरातून घेताना घासाघीस करू नका. नव्या खेळण्याची किंमत द्या, आणि समोरच्यानं ‘हे महाग असतंय काय?’ असं सरळ विचारलं तर सरळ उत्तर द्या. कोल्हापूर लहान आहे.

पायरी ४: पोट वाचा

इथं माणसं अडकतात. मलाही इथंच जड गेलं, कारण ज्याला त्याला विचारावं तर प्रत्येक जण रंग बघायला सांगायचा. रंग बघू नका. उन्हात सहा महिने ठेवलेलं नवं खेळणंही तीस वर्षांचं दिसतं.

जनावर उलटं करा. जुना टूथब्रश ओला करून पोट आणि तळवे घासा, मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, पोटाला लागून धरा. सरळ उजेडात सपाट दिसणारं पोट तिरप्या उजेडात अक्षरं दाखवायला लागतं. शेपटीची खालची बाजू आणि मांडीचा आतला भाग विसरू नका, पुष्कळ खुणा तिथंच असतात.

आता अक्षरांचा अर्थ. पहिली ताकीद: पोटावरचं साल म्हणजे खेळणं बनल्याचं साल नव्हे. ते मूळ घडणीच्या हक्काचं साल असतं. साच्यात एकदा १९८८ कोरलं की तो साचा पंधरा वर्षं चालला तरी प्रत्येक नगावर १९८८ च येतं. ‘साल बघा, ओरिजिनल १९८८’ असं सांगून विकणारा एकतर अडाणी असतो नाहीतर तुम्हाला अडाणी समजत असतो.

देशाचं नाव जास्त खरं बोलतं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर तो साचा ऑक्टोबर १९९० च्या आधीचा, कारण त्यानंतर त्या नावाचा देशच राहिला नाही. ‘हाँगकाँग’ असेल तर बहुधा नव्वदच्या दशकाआधीचा, कारण तिथले कारखाने पुढं चीनच्या हद्दीत सरकले. युरोपचा सुरक्षिततेचा सीई मार्क खेळण्यांवर १९९० पासून यायला लागला, म्हणजे ‘सत्तरच्या दशकातला’ म्हणून दाखवलेल्या नगावर सीई दिसला तर खाली ठेवा आणि पुढं चला. इन्व्हिक्टाच्या पोटावर लंडनच्या संग्रहालयाचं ‘ब्रिटिश म्युझियम (नॅचरल हिस्टरी)’ हे जुनं नाव असतं. संग्रहालयानं ते १९९२ मध्ये बदललं.

अक्षरं पुसट असतील तर खरा संशय तिथं सुरू होतो, कारण नक्कल अशीच जन्मते. कारखानदार बाजारातून मूळ खेळणं आणतो आणि त्यावरूनच साचा उतरवतो. आता उद्यमनगरात ओतकामासाठी नमुने (पॅटर्न) करणाऱ्या कुणालाही विचारा, तो पॅटर्न मापापेक्षा मोठा का करतो? कारण धातू थंड होताना आकसतो आणि तेवढी सूट आधीच धरावी लागते. खेळण्यांचं मऊ प्लॅस्टिक बहुधा धातूपेक्षा जास्त आकसतं. नक्कल करणारा सूट धरत नाही. त्यामुळं त्याचं जनावर मूळापेक्षा शेकडा दोन-तीननं लहान निघतं, म्हणजे दहा सेंटिमीटरला दोन-तीन मिलिमीटर. नकलेची नक्कल आणखी लहान. कडा बोथट होतात, खवले गुळगुळीत होतात, अक्षरांच्या पोटातली भोकं बुजतात.

म्हणून व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका. कोल्हापुरात व्हर्निअर मिळत नाही असं सांगणाऱ्याला मी ओळखही दाखवणार नाही. नाकापासून शेपटीपर्यंत मोजू नका, शेपूट वाकलेली असते, माप चुकतं. दोन तळव्यांतलं अंतर, डोक्याची रुंदी अशी न वाकणारी मापं घ्या आणि खात्रीच्या नगाच्या त्याच मापाशी ताडून बघा.

या मापालाही एक अपवाद आहे आणि तो महागात पडतो. मार्क्सचे डायनासोर नव्वदच्या दशकात मूळ साच्यांतूनच पुन्हा काढले गेले. साचा तोच म्हणून माप तेच, अक्षरंही तशीच कडक. तिथं व्हर्निअर उपयोगाचं नाही. प्लॅस्टिकचा रंग, चकाकी आणि हाताला लागणारा मेणचटपणा खात्रीच्या जुन्या नगाशेजारी ठेवूनच बघावा लागतो. एकटा नग हातात घेऊन छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्लॅस्टिक कुठलं हे ओळखायला सुई नको, पातेलं बास. साध्या पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे अंगाला बुडबुडे चिकटत नाहीत. भरीव जनावर आत सोडा. तरंगलं तर बहुधा पॉलिथिन. मार्क्सचा जुना मऊ माल असा तरंगतो. बुडालं तर दुसऱ्या भांड्यात अर्ध्या लिटरला पाच मोठे चमचे मीठ विरघळवा आणि त्यात सोडा. मिठाच्या पाण्यात वर आलं तर कडक पॉलिस्टायरीन किंवा त्याच्या जातीतलं, तरीही तळाला बसलं तर बहुधा पीव्हीसी. कार्नेगी मालिका आणि श्लाइश, पापो या कंपन्यांची जनावरं पीव्हीसीतली. म्हणजे ‘कार्नेगी’ म्हणून घेतलेलं भरीव जनावर साध्या पाण्यात तरंगायला लागलं तर काय समजायचं ते समजा. पोकळ जनावराला ही परीक्षा लागू नाही, आत हवा असते. रंगाचे पोपडे सुटलेल्या नगाला पाणी दाखवूच नका.

शेवटी शिवण बघा. साच्याचे दोन भाग जिथं मिळतात तिथं अंगावर रेघ येते. चांगल्या साच्यात ती केसाएवढी असते आणि कारागिरानं ती मुद्दाम सुरकुत्यांत, पायाच्या मागं लपवलेली असते. घाईच्या नकलेत ती कपाळावरून सरळ खाली येते आणि पायांच्या बोटांत पातळ पापुद्रा उरतो. आम्ही टूलरूमवाले आधी तेच बघतो, आणि बऱ्याचदा अक्षरं वाचायची वेळच येत नाही.

पायरी ५: ऑनलाइन घेताना

पोटाचा फोटो आणि शेजारी पट्टी ठेवलेला फोटो, हे दोन मिळाल्याशिवाय पैसे नाहीत. एका विक्रेत्यानं पोटाचा फोटो मागितल्यावर पाठीचेच चार फोटो पाठवले. व्यवहार तिथंच संपला. परदेशातून मागवताना खेळण्याच्या किमतीत टपालखर्च, जकात आणि जीएसटी मिळवूनच हिशेब करा.

पायरी ६: धुणं आणि ठेवणं

कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, मऊ ब्रश. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर घरात असेल तर कपाटात कुलूप लावून ठेवा, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. वाकलेली पीव्हीसी शेपूट कढत पाण्यात मिनिटभर धरा, हातानं सरळ करा आणि गार पाण्यात बुडवा. जुन्या मार्क्सवर हा प्रयोग नको, ते प्लॅस्टिक वयानं ठिसूळ झालेलं असतं आणि मोडतं.

पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना चिकटवून ठेवू नका. पीव्हीसीतलं मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर झिरपतं आणि शेजारच्या कडक प्लॅस्टिकला खड्डे पाडतं. जुनं पीव्हीसी हाताला चिकट लागायला लागलं तर तेच कारण. बंद पिशवीत कोंडू नका, हवा लागू द्या. प्रत्येक नगाला पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी जोडा: कुठल्या पेठेतून, कुणाकडून, कधी, दोन तळव्यांतलं माप किती. आणि खोकं जूनपासून सप्टेंबरपर्यंत तळमजल्यावर ठेवायचं नाही.