बायबल वाचताना या चुका टाळा: वचन तोडू नका, पत्र वाचा

यिर्मया 29:11, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातलं 11वं वचन, आमच्या सोलापुरात कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंतीवर आहे. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, असं ते सांगतं. बारावीच्या निकालाच्या आदल्या रात्री तर ते हमखास मोबाइलवर येतं. माझ्याही कपाटाच्या दारावर ते कित्येक वर्षं होतं, पण त्याच्या आधीचं दहावं वचन मी कधी नीट वाचलंच नव्हतं. त्यात परतीसाठी सत्तर वर्षांची मुदत आहे! यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेलं हे पत्र. तिथंच घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा, असं तो लिहितो. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. हे कळलं तेव्हापासून त्या वचनाचा आधार मला जास्त वाटतो.

वचन सुटं उचलणं ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. अध्याय पाडले गेले 13व्या शतकात. नव्या करारातल्या, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, वचनांना आजचे आकडे मिळाले 1551 साली. येशूचा प्रेषित पौल याने लिहिली ती सलग पत्रं. फिलिप्पैकरांस पत्र अवघं चार अध्यायांचं आहे, वीस मिनिटांत वाचून होतं. एका बैठकीत वाचा. मग 4:13 मध्ये ख्रिस्ताकडून मिळणारं, सर्व काही करू देणारं जे सामर्थ्य आहे ते कशासाठी आहे ते आधीची दोन वचनंच सांगतात: पोटभर असो की उपाशी, समाधानी राहण्यासाठी.

दुसरी चूक, आपलं शिवार तिथं नेऊन बसवणं. मत्तय 13 मधला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूची बोधकथा, वाचताना आपल्याकडचा शेतकरी विचारतो, पाभरीने पेरलेलं बी वाटेवर पडेल कसं? तिथं बी हाताने फोकत, म्हणून ते वाटेवरही पडे आणि काट्यांतही. खडकाळ जमीन मात्र आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. मुरमावर वीतभर माती असली की ज्वारी झटकन उगवते आणि ऊन तापलं की माना टाकते. आणि दाखल्याचा अर्थ आपल्या मनाने लावण्याआधी 18 ते 23 ही वचनं वाचा. तिथं येशूनेच तो सांगितला आहे.

एकाच भाषांतरावर अडून राहू नका. सोलापुरात ही सोय शेजारीच असते. स्तोत्र 23 मराठीत देवाला 'परमेश्वर' म्हणतं, शेजारच्या तेलुगू बायबलमध्ये 'यहोवा' आहे. मूळ हिब्रूत चार अक्षरांचं एकच नाव आहे, हे मला अशा शेजारच्या वाचनातूनच उमगलं.

उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून लेवीय या तिसऱ्यात थांबणारे पुष्कळ. नवख्याने मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्रापासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय आहेत. अडलं ते वहीत तारीख घालून लिहा आणि रविवारी उपासनेनंतर पाळकांना विचारा. पुढचा अध्याय त्यासाठी अडवून ठेवू नका.