जुने इम्प्रेशनिस्ट चित्र विकण्यापूर्वी

नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यात भिंतीवरून उतरवलेल्या चित्रावर मोने किंवा पिसारो या, एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रुजलेल्या इम्प्रेशनिस्ट शैलीच्या चित्रकारांची सही दिसली, तरी त्यावर ओले फडके फिरवण्याचा मोह आधी आवरावा. इथल्या कितीतरी उन्हाळ्यांत तडकलेला रंग तेवढ्याने निघून येऊ शकतो.

सहीपेक्षा चित्राची मागची बाजू अधिक बोलते. लाकडी चौकट, गंजलेले खिळे, विक्रेत्यांची फाटकी लेबले, खडूने लिहिलेले आकडे या सर्वांची छायाचित्रे काढावीत. भिंगातून ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर ते छापील चित्र समजावे आणि विषय तिथेच संपवावा. अतिनील प्रकाशात जुने वॉर्निश बहुधा हिरवट चमकते. त्यावर सही काळी उठून दिसली, तर ती मागाहून केल्याची शंका घ्यावी. विसाव्या शतकात प्रचारात आलेला टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग 1880 च्या म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात सापडला, तर दावाच कोसळतो.

‘आजोबांनी विलायतेहून आणले’ ही आठवण पुरावा ठरत नाही. पावती, पत्र किंवा जुने छायाचित्र हवे. मोनेच्या बाबतीत बाजार कलाअभ्यासक विल्डनस्टाइन यांनी केलेल्या त्याच्या समग्र चित्रसूचीतील क्रमांक विचारतो.

लंडनचे भाव पाहून हिशेब मांडण्यापूर्वी 1972 चा पुरावशेष कायदा पाहावा, कारण शंभर वर्षांहून जुने चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडे लेखी विचारणा करावी. लिलावगृहाशी कमिशन, विमा आणि किमान किंमत लेखी ठरवावी, आणि पोचपावतीशिवाय चित्र कोणाच्याही हाती देऊ नये.