जुनी गाडी घरच्या घरी इलेक्ट्रिक करताय? या चुका टाळा, आणि मोटर शेवटी घ्या

अर्धवट राहिलेली इलेक्ट्रिक गाडी लांबूनच ओळखू येते. बॉनेट उघडं, इंजिन काढून जुन्या टायरवर ठेवलेलं, नवी मोटर अजून खोक्यातच आणि वरून ताडपत्री. सातारा-पुणे भागात अशा चार गाड्या मी पाहिल्या. चारही मालक हौशी, हातात कसब असलेले, आणि चौघांनीही पहिली खरेदी मोटरची केली होती. मोटर घरात आली की इंजिन उतरवायचा मोह आवरत नाही. इंजिन उतरलं की गाडी जागची हलत नाही, आणि मग एकेक गोष्ट कळत जाते: पत्रा कुजलाय, बॅटरीला जागा नाही, गिअरबॉक्सला मोटर बसत नाही, आरटीओ नाही म्हणतंय.

आमच्या वाईजवळच्या मळ्यात वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. आमची भावाने आणि मी मिळून विजेवर आणली, आणि ती आजही खताची पोती आणि माणसं वाहते. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका आम्ही स्वतः केल्या आहेत.

कागद आधी, पाना नंतर

आमची गाडी मळ्याच्या कुंपणाबाहेर जात नाही. त्याचं कारण ही पहिली चूक.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. इलेक्ट्रिक किट बसवायचं तर ते एआयएस-१२३ या मानकानुसार तपासून मंजूर झालेलं लागतं. पुण्यातली एआरएआय ही अशी चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एक. ही मंजुरी ठरावीक गाड्यांसाठीच्या ठरावीक किटला मिळते, आणि ते बसवायचं कामही किटवाल्यांनी नेमलेल्या केंद्रानेच करायचं असतं. त्यानंतर आरटीओ आरसीवर बदल नोंदवून देतं. तुम्ही मोटर एकीकडून, तिला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर दुसरीकडून आणि बॅटरीचे सेल तिसरीकडून जमवून केलेली जुळणी कितीही चांगली असली तरी या वाटेने जात नाही. शिवाय ही सोय १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर तयार झालेल्या गाड्यांसाठी आहे. आमची १९८४ची गाडी तिथेच बाद झाली, आणि हे आम्हाला इंजिन विकून झाल्यावर कळलं.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक विचार करा. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असेल तरच. इंजिन काढलंत की ते दार बंद. चालू इंजिनाची, मूळ सुट्या भागांची अशी गाडी हाताशी असेल तर कृपा करून तिला हात लावू नका. विजेवर न्यायला इंजिन जाम झालेली, भाग न मिळणारी गाडी शोधा.

विम्याचंही तसंच आहे. न कळवता केलेला बदल अपघातानंतर कंपनीला सापडला तर दावा नाकारायला तिच्याकडे कारण तयार असतं. म्हणून रस्त्यावर फिरवायची गाडी असेल तर पत्रा, ब्रेक, सस्पेन्शन, १२ व्होल्टचं वायरिंग ही कामं घरी मनापासून करा आणि मंजूर किट नेमलेल्या केंद्रात बसवा. पूर्ण घरचं काम करायचं असेल तर ते खासगी जागेपुरतं ठेवा.

पत्रा आणि वजनकाटा

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. डिकीचा तळ आणि दाराखालचे उंबरे कुजलेले असतील तर त्यावर बॅटरी ठेवायचा विचारही नको. मॅट उचला आणि स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. आरपार गेला तर आधी पत्र्याचं काम.

मग इंजिन उतरवण्याआधीच गाडी वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आमची पुढे ४७० आणि मागे ४२० किलो भरली. ही पावती आम्ही जपली नाही आणि सगळे ३२ सेल डिकीत रचले, कारण तिथे जागा होती. परत काट्यावर नेली तेव्हा पुढे ३७०, मागे ५६५. एकूण वजन फारसं वाढलं नव्हतं, पण मागचे पाटे सपाट झाले, हेडलाइट आंब्याच्या शेंड्यावर पडू लागले आणि ओल्या मातीत स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच जायचं. शेवटी १४ सेल रेडिएटरच्या जागी हलवले आणि काटा पुढे ४५५, मागे ४८० वर आला. पेटी, केबल, सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या म्हणजे बसबार, सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. बॅटरीचा आराखडा मोटर निवडण्याआधी करायचा तो यासाठी.

सगळ्यात जास्त छळणारी चूक: अ‍ॅडॉप्टर प्लेट

मोटर आणि जुना गिअरबॉक्स यांना जोडणारी प्लेट आणि कपलर हे या कामाचं हृदय आहे, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. आम्ही गिअरबॉक्सच्या तोंडावर पुठ्ठा धरून भोकांच्या खुणा केल्या आणि लेथवाल्याला दिल्या. नट-बोल्ट छान बसले. गाडी चालली. तिसऱ्या गिअरमध्ये वेग तिशीपुढे गेला की मात्र पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागायचा.

दोन महिने आम्ही चुकीच्या जागी शोधलं. चाकांचं बॅलन्सिंग केलं, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले, मोटरचे माउंटिंग रबर बदलले. मग भोसरीतल्या एका जाणत्या कारागिराने मोटर शाफ्टवर बसवलेल्या कपलरला डायल गेज (बारीक डगमग मोजणारं काट्याचं माप) लावलं आणि हाताने एक फेरी दिली. काटा जवळजवळ अर्धा मिलिमीटर हलला. ०.०५ मिलिमीटरच्या आत असायला हवा, असं ते म्हणाले. बोल्टची भोकं जुळली म्हणजे केंद्र जुळलं असं होत नाही, कारण केंद्र धरून ठेवायचं काम बोल्टचं नसतंच, ते डॉवेल पिनांचं असतं. बेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या तोंडावर, त्या दोन पिनांची भोकं असतात. माप त्यांच्यावरून घ्यायचं.

दुसरी गोष्ट त्यांनीच दाखवली. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक इंजिनाच्या क्रँकमधल्या छोट्या बुशमध्ये टेकलेलं असतं. इंजिन काढलं की तो आधार जातो. आमच्या कपलरमध्ये तो दिलाच नव्हता, त्यामुळे शाफ्ट एका बाजूने लोंबकळत फिरत होता आणि आतलं बेअरिंग खात होता. कपलरमध्ये पितळी बुश बसवला, प्लेट नव्याने कापली, गुणगुण त्याच दिवशी थांबली. बेअरिंग मात्र बदलावं लागलं.

गिअरबॉक्स ठेवणार असाल तर कंट्रोलरमध्ये सुरुवातीचा करंट हळूहळू वाढेल अशी मांडणी करा. इंजिनाला जोर धरायला वेळ लागतो. मोटर उभ्या जागेवरच पूर्ण पीळ देते, आणि चाळीस वर्षांपूर्वीचे दात त्या झटक्यासाठी घडवलेले नसतात.

शंभर व्होल्टला घरातल्या विजेसारखं समजू नका

३२ एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल एकामागे एक जोडले की १०२ व्होल्ट होतात, पूर्ण चार्ज करताना ११६ च्या पुढे. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत, ६० व्होल्टच्या वर गेलात की तो धोक्याचा दाब मानतात. घरातली वीज मेन स्विच पाडला की जाते. बॅटरीला मेन स्विच नसतो, ती सेलपाशी कायम जिवंत असते. म्हणून पॅकच्या बरोबर मध्ये उपसता येईल असा सर्व्हिस प्लग द्या. तो काढला की १६-१६ सेलचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येकात ५१ व्होल्टच उरतात. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळा, हातात १००० व्होल्टचे रबरी मोजे घाला, आणि एकट्याने कधीच काम करू नका.

घरातल्या एसी विजेचा, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा, एमसीबी इथे वापरणं ही मी तीन गाड्यांत पाहिलेली चूक. एसीचा प्रवाह सेकंदात शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, ओढली जाते. फ्यूज, ब्रेकर, काँटॅक्टर (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) सगळं डीसीच्या दाबाला मान्य असलेलंच घ्या.

आमच्याकडे एका संध्याकाळी किल्ली बंद केली तरी कंट्रोलरचा दिवा पेटलेलाच राहिला. मुख्य काँटॅक्टर आतून चिकटला होता. कंट्रोलरमधले वीज साठवणारे मोठे कपॅसिटर रिकामे असतात. त्यांना एकदम बॅटरी जोडली की क्षणभर हजारो अँपिअर धावू पाहतात. म्हणून आधी एका रेझिस्टरमधून त्यांना भरायचं आणि मग काँटॅक्टर ओढायचा, यालाच प्रीचार्ज म्हणतात. रेझिस्टर आम्ही लावला होता, पण थांबलो अर्धा सेकंदच. हिशोब साधा आहे: १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर म्हणजे गुणाकार एक सेकंद, आणि पूर्ण भरायला त्याच्या पाचपट, म्हणजे पाच सेकंद. काँटॅक्टर फोडला तेव्हा तांब्याच्या दोन टिकल्यांमध्ये करडईच्या दाण्याएवढा वितळलेला थेंब होता. तेव्हापासून दोन काँटॅक्टर आहेत, एक प्लसला, एक मायनसला, आणि चालकाच्या हाताशी ओढून तोडायचा स्विच.

घाट उतरताना

ज्या गाडीत ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आहे, तिथे तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो, त्यामुळे विजेवरचा व्हॅक्यूम पंप आणि छोटी टाकी लागतेच. आमच्या पद्मिनीत बूस्टर नव्हता, चारही चाकांना ड्रम; म्हणून हा प्रश्न टळला.

दुसरा प्रश्न कुणाचाच टळत नाही. पाचगणीत रात्रभर गाडी पूर्ण चार्ज केली आणि सकाळी पसरणी घाटाने वाईला उतरलात असं समजा. साडेपाचशे मीटरहून जास्त उतार, गाडी माणसांसह ११०० किलो. म्हणजे दीड युनिटाहून जास्त ऊर्जा खाली येताना कुठेतरी जायला हवी. मोटर ती परत बॅटरीत ढकलायला बघते. बॅटरी आधीच भरलेली, सेलचा दाब ३.६५ व्होल्टच्या वर जायला लागतो, सेलवर नजर ठेवणारं बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टम) जोडणी तोडतं, आणि वळणावर मोटरचा रोध एका क्षणात नाहीसा होतो. इंजिनाचा रोधही आता नाही. सगळा भार चार ड्रमवर. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी चार्जिंग ८५ टक्क्यांवर थांबवावं, कंट्रोलरला भरल्या बॅटरीत रोध आपोआप हळूहळू कमी करायला शिकवावं, आणि लायनर, व्हील सिलिंडर, ब्रेक ऑइल नवं टाकल्याशिवाय गाडी उतारावर न्यूच नये.

बिघाड शोधताना

कंट्रोलर चालू आहे पण गाडी हलत नाही, तर आधी अ‍ॅक्सिलरेटरचा सेन्सर बघा. किल्ली फिरवताना पेडल पूर्ण शून्यावर नसेल तर बरेच कंट्रोलर मुद्दाम अडून बसतात. जुन्या पेडलची स्प्रिंग सैल झालेली असते, ती बदलली की काम होतं.

चढावर गाडी अचानक बंद पडते आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालते, तर बॅटरी संपली असं लगेच धरू नका. भाराखाली प्रत्येक सेलचा दाब बघा. एकाच सेलचा दाब कोसळत असेल तर बहुतेक वेळा सेल चांगला असतो आणि त्याच्या बसबारचा नट सैल असतो. चढ चढून आल्यावर लगेच थर्मामीटर गन फिरवा, सैल जोड शेजाऱ्यांपेक्षा गरम सापडतो. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. आणि एलएफपीमध्ये व्होल्टेज बघून किती चार्ज उरलाय हे सांगता येत नाही, मधल्या टप्प्यात ते जवळजवळ सपाट असतं. शंटवर, म्हणजे प्रवाह मोजायला केबलमध्ये जोडलेल्या पट्टीवर, अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा.

इंजिनाबरोबर डायनामो किंवा अल्टरनेटर गेला हेही लोक विसरतात. पावसात हेडलाइट, वायपर, पंखा मिळून वीस अँपिअर सहज खातात, आणि १२ व्होल्टची बॅटरी दीड तासात मान टाकते. मोठ्या पॅकमधून १२ व्होल्ट काढून देणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा, पण छोटी बॅटरी काढू नका. कन्व्हर्टर गेला तर दिवे आणि काँटॅक्टर तिच्यावरच टिकतात.

पावसाळ्यातला बिघाड सगळ्यात फसवा. मोठ्या पॅकचं एकही टोक बॉडीला लागता कामा नये. आमच्याकडे जुलैत सकाळी गाडीला हात लावला की बारीक झिणझिण्या यायच्या, दुपारी काहीच नाही. कंट्रोलर आणि बीएमएस सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावला तर पॅक आणि बॉडीमधला रोध ३० किलोओहम. दर व्होल्टला ५०० ओहम धरले तरी आम्हाला किमान ५८ किलोओहम हवा होता. एकेक भाग सुटा करत गेलो: पुढची पेटी ठीक, मागची ठीक, मोटरची केबल जोडली की आकडा पडायचा. मोटरवरचं केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली घट्ट टोपी) वर तोंड करून बसवलेलं होतं आणि त्यात चमचाभर पाणी साठलं होतं. ग्लँड खाली वळवलं, केबलला आत शिरण्याआधी एक झोळ दिला म्हणजे थेंब तिथूनच गळतो. आता पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मेगरचा आकडा डिकीच्या झाकणाच्या आत खडूने लिहून ठेवतो.